बर्फ नाही, डोह आहे!

मोबाइलवर परदेशातली बर्फातली मासेमारी बघता ना? बघा की! पण याच थंडीत आपल्या प्राणहितेच्या डोहात काय चालतं, ते माहितेय? ते शिकवणारा क्लास कुठंच नाही. आणि ते सगळं संपवायला मात्र एक रात्र पुरते.

डिसेंबरची सकाळ. अहेरीत थंडी अशी की गोधडीतून हात बाहेर काढायचा, तो फक्त मोबाइलसाठी. स्क्रीनवर एक रील फिरतंय. गोठलेलं पांढरंशुभ्र तळं, त्यावर खुर्ची टाकून बसलेला एक माणूस, दाढीवर बर्फाचे कण. समोर गिरमिटानं पाडलेलं वीतभर रुंदीचं भोक. त्यात सोडलेली दोरी हलते, तो झटका देतो आणि हातभर लांबीचा मासा बर्फावर येऊन आपटतो. आपण लाइक ठोकतो, मित्राला पाठवतो. ‘भाई, लाइफ असावी तर अशी!’

त्याच वेळी वांगेपल्लीच्या बाजूला प्राणहितेवर धुकं इतकं दाट असतं की पलीकडचं तेलंगण दिसत नाही. कुणीतरी गुडघाभर गार पाण्यात उतरून डोंगा ढकलत असतं. डोक्याला मफलर, अंगात जुनं स्वेटर, खांद्यावर जाळं. कदाचित तो तुमच्या वर्गातल्या कुणाचा तरी बाप असेल. कदाचित तुमचाच काका असेल. त्याचं रील कुणी काढत नाही. त्याला कुणी ‘स्किल’ म्हणत नाही. घरात तर उलटंच ऐकू येतं : ‘एवढं शिकून काय मासोळ्या मारणार का?’

आज बोलायचंय ते याच वाक्याबद्दल. माझं म्हणणं सरळ आहे. थंडीतलं पाणी वाचता येणं हे एक शास्त्र आहे. ते आपल्या घरात, आपल्या नदीवर आहे. आणि ते आपण दोन बाजूंनी गमावतोय. एकीकडे शिकलेल्यांना त्याची लाज वाटते. दुसरीकडे ज्यांना ते अर्धंमुर्धं कळतं, त्यातले काही जण त्याचा वापर डोहच्या डोह मारून टाकायला करतात.

आधी त्या रीलमधलं बघू

बर्फावर बसून मासे पकडणं म्हणजे नुसती मजा नाही. तो माणूस तळ्यावर पाय ठेवण्याआधी बर्फाची जाडी मोजतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा तिथल्या लोकांना सल्ला आहे : माणसानं चालायचं असेल तर नवा, स्वच्छ, टणक बर्फ किमान ४ इंच जाड हवा. त्याहून पातळ असेल तर घरी बसा. बर्फ पांढुरका, भुसभुशीत असेल तर ४ इंचही पुरत नाहीत. गाडी न्यायची असेल तर आणखी कितीतरी जास्त जाडी लागते.

मग येतो मासा. थंड पाण्यात मासा सुस्त असतो. आपल्यासारखं त्याचं अंग आतून गरम राहत नाही, पाण्याचं जे तापमान तेच साधारण त्याच्या अंगाचं. ढोबळ हिशेब असा की पाणी दहा अंशांनी गार झालं की माशाच्या शरीरातला सगळा कारभार निम्म्यावर येतो. पचन मंद, हालचाल मंद, भूक मंद. म्हणून बर्फातला मासेमार मोठं आमिष लावत नाही. बारीक गळ, बारीक आमिष, काठी दोन-तीन फुटांचीच. दोरी अगदी हळू वरखाली करायची. मासा झडप घालत नाही, नुसतं तोंड लावून बघतो. तेवढी थरथर बोटांना कळायला हवी. काही जण भोकावर झेंडी लावलेला सांगाडा ठेवतात. माशानं दोरी ओढली की झेंडी उभी राहते.

आणि तळं पूर्ण गोठून मासे मरत कसे नाहीत? दहावीच्या विज्ञानात हे येऊन गेलंय, आठवतंय का बघा. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंश सेल्सिअसला. त्याहून गार झालं की ते पुन्हा हलकं होतं. म्हणून बर्फ वर तरंगतो आणि ४ अंशांचं पाणी तळाशी राहतं. वर बर्फाचं झाकण, खाली जिवंत तळं. मात्र बर्फावर जाड हिम साचलं की ऊन आत जात नाही, पाणवनस्पती प्राणवायू तयार करू शकत नाहीत आणि वसंतात बर्फ वितळल्यावर मेलेले मासे वर येतात. म्हणजे तिथंही थंडीतलं तळं नाजूकच.

परीक्षेत ‘पाण्याचे असंगत आचरण’ लिहून आपण मार्क मिळवले. त्या उत्तराचा एखाद्या माशाशी संबंध असतो, हे कुणी सांगितलं होतं का आपल्याला?

आता आपल्या पाण्यावर या

आपल्याकडे बर्फ नाही. पारा दहा अंशांच्या आसपास उतरला तरी आपण शेकोटीपुढून हलत नाही. पण माशाला थंडी कळायला बर्फ लागत नाही. पाणी वीस अंशांच्या खाली जायला लागलं की कतला, रोहूची भूक कमी होते. म्हणून मत्स्यशेती करणारे हिवाळ्यात खाद्य कमी करतात. टाकलेलं खाद्य मासा खात नाही, ते तळाशी सडतं आणि पाणी बिघडवतं.

इथं एक गंमत लक्षात घ्या. गोठलेल्या तळ्यात तळाचं पाणी वरच्यापेक्षा उबदार असतं. आपल्याकडे पाणी ४ अंशांपर्यंत जातच नाही. त्यामुळं आपल्याकडे रात्री वरचं पाणी गारठलं की ते जड होऊन खाली जातं, खालचं वर येतं. रात्रभर हे ढवळणं चालू असतं. मग मासा डोहात का जातो? कारण उथळ पाणी पटकन तापतं आणि पटकन गारठतं. खोल पाण्यात हा चढउतार कमी. सुस्त झालेल्या जिवाला असली एकसारखी जागा हवी असते. दुसरं कारण तर उघड आहे. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहणारी नदी डिसेंबरपर्यंत आटते, वाळूचे पट्टे वर येतात. पाणी उरतं ते धारेत आणि डोहात. बगळा, पाणकावळा, जाळं या सगळ्यांपासून लपायला खोल पाण्याशिवाय दुसरी जागा नसते.

जुने ढीवर, भोई, केवट हे सगळं तापमापकाशिवाय सांगतात. ‘थंडी पडली का मासोळी खाली बसते, बाप्पा.’ एका वाक्यात धडा संपला! पण त्या वाक्याच्या पोटात किती बारकावे आहेत बघा.

पहाटे उथळ कडेला फेकजाळं टाकून फारसं हाती लागत नाही. ऊन चढलं, अकरा-बारा वाजले, की काठाजवळचं उथळ पाणी आधी तापतं आणि मासे तिकडे सरकतात. म्हणून हिवाळ्यात दुपारची वेळ गळ टाकणाऱ्याची. ज्या काठाला सकाळपासून ऊन लागतं तो काठ आधी धरायचा. झाडांच्या सावलीतला काठ उन्हाळ्यात चांगला, हिवाळ्यात नाही.

रात्रभर लावून ठेवायचं उभं जाळं असेल तर ते डोहाच्या तोंडाशी, मासे ये-जा करतात त्या वाटेवर लागतं. हिवाळ्यात मासा फार फिरत नाही, म्हणून वाट नेमकी माहीत हवी. चार हात इकडं-तिकडं झालं की सकाळी जाळ्यात काडीकचरा. जाळ्याचं भोक केवढं हवं हाही विचार त्यातच येतो. बारीक भोकाच्या जाळ्यात पिल्लंही येतात. ज्याला पुढच्या वर्षीही मासे मारायचे आहेत, तो मोठ्या भोकाचं जाळं वापरतो.

मरळीचा प्रकार वेगळा. मरळ, मांगूर, शिंगी हे मासे पाण्यातल्या प्राणवायूवर पूर्ण अवलंबून नसतात. मधूनमधून वर येऊन ते हवा घेतात. त्यामुळं चिखलाच्या, कमी पाण्याच्या बोडीतही ते तगतात. मरळ हवा घ्यायला वर आली की पाण्यावर क्षणभर गोल उठतो. जाणकाराची नजर त्या गोलावर असते. वाम दगडांच्या फटीत, चिखलात दडते. तिच्यासाठी बांबूचा सापळा किंवा तळाशी सोडलेला गळ. प्रत्येक माशाचं घर वेगळं, वेळ वेगळी, खोडी वेगळी.

तलावांमध्ये आणखी एक गोष्ट घडते. दोन-तीन दिवस सलग धुकं आणि ढग राहिले, ऊन पडलंच नाही, तर पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावात प्राणवायू कमी पडतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. ते ‘भुकेले’ नसतात, गुदमरत असतात. हिमाखाली गुदमरणाऱ्या परदेशी तळ्याचं हे आपलं धाकटं भावंड. थंडीच्या सुरुवातीला मरळीच्या अंगावर लाल चट्टे, जखमा दिसतात, तोही थंडीत बळावणारा रोग आहे. असे मासे दिसले तर बाजारात नेण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाला कळवायचं असतं. तलावात चुना टाकणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय आहे, पण किती टाकायचा ते विचारून.

आता सांगा, हे स्किल नाही तर काय आहे? त्यात भौतिकशास्त्र आहे, प्राणिशास्त्र आहे, भूगोल आहे. फक्त प्रमाणपत्र नाही.

माहिती एकच, हात दोन

इथपर्यंत सगळं गोड गोड झालं. आता कडू.

‘थंडी पडली की मासा डोहात गोळा होतो’ ही माहिती गळ टाकणाऱ्याच्या कामाची आहे. पण तीच माहिती ज्याला एका रात्रीत पोतंभर मासे हवेत, त्याच्याही कामाची आहे. आटलेली नदी, एका जागी जमलेले सुस्त मासे आणि धुक्यामुळं कुणी बघणारं नाही. मग डोहात ब्लीचिंग पावडर पडते. कीटकनाशकाची बाटली ओतली जाते. कुठं तारेवर आकडा टाकून किंवा बॅटरी लावून पाण्यात करंट सोडला जातो. कुठं सुरुंगाची कांडी.

हे तुम्ही ऐकलंय. तुमच्यापैकी काहींनी बघितलंय. आणि खरं बोलायचं तर काहींनी मजा म्हणून, पार्टीसाठी, मित्रांच्या नादानं केलंय सुद्धा. म्हणून हे तुमच्याशीच बोलायला हवं.

नेमकं काय होतं बघा. ब्लीचिंगमधला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. शेतात फवारायची कित्येक कीटकनाशकं माशांना इतकी विषारी असतात की थेंबांचा हिशेब पुरतो. त्यानं मोठे मासे मरतात, तसेच बोटाएवढे मासे, झिंगे, गोगलगायी, पाणकिडे सगळंच मरतं. म्हणजे जे मासे वाचतील किंवा वरून नवे येतील, त्यांचं अन्नही गेलं. करंटनं माशाचा पाठीचा कणा मोडतो. जे तरंगत वर येतात ते आपण उचलतो, जे जखमी होऊन तळाला जातात ते कुणी मोजत नाही. करंट सोडणाराच त्यात चिकटून मेल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. आणि विषानं मेलेला मासा शेवटी कुणाच्या ताटात जातो? आठवडी बाजारात त्यावर लेबल नसतं. त्याच डोहावर गुरं पाणी पितात, बाया कपडे धुतात, पोरं उड्या मारतात.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र त्या रात्री दिसत नाही. आपले रोहू, कतला, मृगळ पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात अंडी घालतात. डिसेंबर-जानेवारीत डोहात बसलेली मोठी मादी म्हणजे पुढच्या जुलैची आई. मोठी मादी एका हंगामात लाखोंनी अंडी देते. त्यातली फार थोडी जगतात, पण नदी त्यावरच भरते. थंडीत डोह मारला म्हणजे नुसते आजचे मासे संपत नाहीत, बियाणंच संपतं. कुठला शेतकरी बियाण्याची कणगी पेटवून त्यावर हात शेकेल?

‘पण आमचे आजोबाही...’

इथं कुणीतरी म्हणणारच : ‘जुने लोकही विष टाकायचेच की!’ बरोबर आहे. गेळाचं फळ कुटून, काही झाडांच्या साली ठेचून आटत्या डबक्यात मासे गुंगवायची रीत जंगलातल्या गावांत होती. ती अगदी निरुपद्रवी होती असं मी म्हणणार नाही. पण गावानं मिळून, एखाद्या डबक्यात, वर्षातून एखाद्या वेळी, पायपीट करून आणलेल्या फळांनी करायचा तो प्रकार आणि दुकानातून आणलेली बाटली रात्री एकट्यानं ओतायची, या दोन गोष्टी एका तागडीत बसत नाहीत. ते कुटायला दिवस लागायचा. ही ओतायला मिनिट लागतं. पूर्वी मेहनतच लगाम होती. आता लगाम आपण स्वतःच घालायचा.

दुसरं म्हणणं जास्त खरं आहे : ‘नदीचं वाटोळं काय आम्ही चार पोरांनी केलं का?’ नाही. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याला भेटून प्राणहिता होते, सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते. त्या दोघी किती शहरांचं, किती कारखान्यांचं पाणी घेऊन येतात. वर धरणं आहेत. संगमाच्या खाली गोदावरीवर मेडीगड्डाचा बॅरेज २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हा सिरोंचाच्या शेतकऱ्यांनी फुगलेल्या पाण्याचा त्रास भोगला. २०२३ मध्ये त्या बॅरेजचे खांब खचले. नदी आडवली की माशांच्या वाटाही आडवल्या जातात. हे प्रश्न मोठे आहेत, ते विचारलेच पाहिजेत, आणि मोठ्यानं विचारले पाहिजेत.

पण ज्यानं स्वतः डोहात बाटली ओतली, त्याला धरणाला जाब विचारताना तोंड कुठून राहणार? मोठ्यांच्या चुकीनं आपली चूक माफ होत नाही. उलट नदीवर आधीच एवढं ओझं आहे, म्हणून उरलेले डोह जास्त मोलाचे.

तिसरं म्हणणं पोटाचं. ज्यांचं घर मासेमारीवर चालतं त्यांना दोष देणं सोपं आहे. पण नीट बघा, डोह मारणारा बहुतेक वेळा पोटासाठी रोज पाण्यात उतरणारा नसतो. रोज उतरणाऱ्याला उद्याही त्याच पाण्यात उतरायचं असतं. विषाचा पहिला फटका त्यालाच बसतो. तो महिनाभर रिकामं जाळं ओढतो, आणि संशयही त्याच्यावरच घेतला जातो.

डोह राखता येतात

ही काही स्वप्नाळू गोष्ट नाही. आपल्याच महाराष्ट्रात लोकांनी डोह राखलेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. देवीचा डोह म्हणून तिथले मासे कुणी मारत नाही. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे आहे, तिथं तिळसेश्वराच्या देवळापाशीही तसंच. दोन्हीकडे हातभर लांबीचे महसीर आरामात फिरताना दिसतात. लोक देव मानून राखतात. तुम्ही विज्ञान मानून राखा, माशाला फरक पडत नाही.

थोडं जवळ या. पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि हळूहळू गाळ, बेशरम आणि बेपर्वाई यांनी भरले. गोंदिया जिल्ह्यात मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतच्या ढीवर बायाबापड्यांनी काही तलावांतली बेशरम उपटली, माशांना आसरा आणि अन्न देणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे सांगितलं ते म्हाताऱ्या मासेमारांनी. तलाव पुन्हा जिवंत झाले, देशी मासे परतले. म्हणजे ज्याला आपण ‘अडाणी’ म्हणतो, त्या ज्ञानावर काम उभं राहिलं.

आणि कायदा? तो तर आपल्या बाजूनं आहे. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं हा गुन्हा आहे, हे १८९७ च्या मत्स्य कायद्यातच लिहिलं गेलं. म्हणजे इंग्रजांच्या काळापासून. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे मुंबईतल्या पोरालाही माहीत असतं. आपल्या डोहाला मात्र कुठला बंदीकाळ, कुठली हद्द, याची चर्चाही होत नाही.

२००६ चा वनहक्क कायदा उघडून बघा. कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांच्या यादीत मासे आणि पाणवठ्यांतलं इतर उत्पादन हे शब्द आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्या गावाची खासियत अशी की निर्णय घेण्याआधी अभ्यास गट बसतो, विषय समजून घेतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते. तेंदू आणि बांबूवर आपल्या कितीतरी ग्रामसभा आता स्वतः निर्णय घेतात, लिलाव करतात, हिशेब ठेवतात. मग पाण्यावर का नाही? ‘अमुक डोहात नोव्हेंबर ते पावसाळा संपेपर्यंत जाळं नाही, विष-करंट तर कधीच नाही’ असा एक ठराव लिहायला किती ओळी लागतात?

ठराव लिहायला कुणीतरी लिहिता-वाचता, कायदा माहीत असलेला, वेळ देऊ शकणारा माणूस लागतो. तो माणूस तुम्ही आहात.

‘एवढं शिकून मासोळ्या मारणार?’

परत त्या वाक्याकडे येऊ. त्यात आईबापाची काळजी आहे, ती खरी आहे. गार पाण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला वाटणारच की पोरानं खुर्चीवर बसावं. पण त्या वाक्यात एक गृहीतही आहे : शिक्षण म्हणजे पाण्यापासून लांब जाणं.

मला वाटतं, शिकलेला पोरगा किंवा पोरगी पाण्यापाशी परत आली, तर जास्त काही घडेल. तिनं जाळंच टाकलं पाहिजे असं नाही. ती तापमान मोजू शकते. बापाला माहीत असलेली पन्नास माशांची नावं माडिया, तेलुगू आणि मराठीत लिहून काढू शकते. आपल्या अहेरीत एकाच माशाला तीन भाषांत तीन नावं असतात. हे भाग्य कुठल्या प्रयोगशाळेला आहे? ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत, जी २००२ च्या कायद्यामुळं प्रत्येक ठिकाणी असायला हवी, ‘मासे : रोहू, कतला, इतर’ असं लिहून पान संपवलेलं असेल तर ती ते पान भरू शकते. त्या ‘इतर’ मध्येच आपली नदी आहे.

आणखी एक. सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे. तिथल्या चुनखडकात जुरासिक काळातल्या माशांचे जीवाश्म सापडले. एकोणिसाव्या शतकातच साहेबांनी ते नेऊन त्यांना लॅटिन नावं दिली. म्हणजे पंधरा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या पाण्यात मासे होते. डायनोसॉर येऊन गेले. मासे अजून आहेत. त्यांचा शेवट आपल्या पिढीच्या एका बाटलीनं होऊ नये, एवढंच मागणं आहे.

त्या बर्फावरच्या माणसाचं मला कौतुक वाटतं ते माशामुळं नाही. तो पाय टाकण्याआधी बर्फ मोजतो, त्यासाठी. तो परवाना काढतो, किती मासे न्यायचे याची मर्यादा पाळतो, लहान मासा परत सोडतो. आपण रीलमध्ये मासा बघतो. बघायला हवं ते मोजमाप.

आपल्याकडे बर्फ नाही. डोह आहे, धुकं आहे, डोंगा आहे, आणि ‘मासोळी खाली बसते’ म्हणणारं एक माणूस अजून आहे. या सुट्टीत एकदा पहाटे उठा. त्याच्याबरोबर जा. फोन खिशात असू द्या. आधी विचारा, मग वाटलं तर रील काढा.

या हिवाळ्यात एवढं करून बघा

* साधा तापमापक घ्या. एकाच ठिकाणचं उथळ आणि खोल पाणी पहाटे सहाला आणि दुपारी बाराला मोजा. पंधरा दिवस वहीत लिहा. प्राणिशास्त्राच्या प्रोजेक्टला यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही.

* घरातल्या, शेजारच्या जुन्या मासेमाराला तीन प्रश्न विचारा : थंडीत कुठला मासा कुठं असतो? लहानपणी दिसायचा आणि आता दिसत नाही असा मासा कोणता? कुठला डोह कधीच आटत नाही? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा.

* कधीच न आटणाऱ्या डोहांची यादी करून ग्रामसभेत ठेवा. एखादा तरी डोह राखीव करा असं म्हणा.

* विष, करंट, सुरुंग यांची पार्टी ठरत असेल तर ‘मी नाही’ म्हणा. एक नाही म्हणाला की दुसऱ्यालाही धीर येतो.

* पाण्यावर जाताना एकट्यानं जाऊ नका. धुक्यात डोंग्यात बसू नका, पोहता येत नसेल तर डोहाच्या काठापासून लांब राहा. वाळूचा काठ आतून पोकळ असू शकतो. परदेशात बर्फ मोजतात, आपण काठ पारखायचा.